मदत हवी आहे: चिठ्ठ्यांच्या कोड्याचे सोपे स्पष्टीकरण

सणानिमित्त भेटवस्तू देण्यासाठी सर्वांच्या नावांच्या चिठ्ठ्या एकत्र करून प्रत्येकाने एकेक उचलायची, हा खेळ परिचयाचा आहे. सर्वसामान्य श्रोत्यांसाठीच्या गणिती कोड्यांच्या कार्यक्रमात मला हा प्रश्न घ्यायचा आहे: कोणालाही स्वतःचेच नाव न येण्याची शक्यता किती? चार जणांच्या २४ वाटपांपैकी ९ चालतात, म्हणजे ३७.५ टक्के, सहा जणांच्या ७२० पैकी २६५, म्हणजे सुमारे ३६.८ टक्के, आणि त्यापुढे माणसे कितीही वाढली तरी हा आकडा जवळजवळ हलत नाही. फ्रेंच गणितज्ञ मोंमोर यांनी १७०८ मध्ये मांडलेल्या या प्रश्नाचे उत्तर 'ई' (e, सुमारे २.७१८) या गणिती स्थिरांकाच्या व्यस्ताकडे, म्हणजे १/e कडे झुकते, हे मला सिद्ध करता येते. परंतु बेरीज-वजाबाकीची लांबलचक मालिका फळ्यावर न मांडता ते पटवून कसे द्यावे, हे सुचत नाही.

दुसरी अडचण मला अधिक रंजक वाटते. स्वतःचे नाव आल्यास चिठ्ठी परत टाकून दुसरी उचलायची आणि शेवटच्या व्यक्तीपाशी अडल्यास डाव पुन्हा मांडायचा, ही पद्धत निष्पक्ष भासते. मात्र अ, ब, क या क्रमाने तिघांनी चिठ्ठ्या उचलल्यास 'अ'ला 'क'चे नाव मिळणारे वाटप दुसऱ्या वैध वाटपाच्या दुप्पट वेळा येते. सारा डाव नव्याने मांडण्याखेरीज, केवळ कागदी चिठ्ठ्यांनी सर्व वैध वाटपांना समान संधी देणारी आणि गुप्तता राखणारी एखादी पद्धत कोणास ठाऊक असल्यास कृपया सविस्तर सांगावी.