चौकातल्या वर्दळीचा नृत्यातून अभ्यास: बघे जमू नयेत म्हणून काय करावं?

पदन्यास:
आम्ही आठ नर्तक आहोत. मोकळ्या चौकात लोक कसे चालतात, कुठे थबकतात, एकमेकांना वाट कशी देतात हे नाचून तपासायचंय. कार्यक्रम करायचा नाही. पण हालचाल सुरू केली की बघ्यांचं कडं होतं आणि जी वर्दळ पाहायची तीच थांबते. निरीक्षण कसं करावं आणि नर्तकांना नियम काय द्यावेत?

तिरकीरेघ:
आधी तीन वेळा नुसतं बघा: सकाळी, दुपारी, संध्याकाळी, दर वेळी १५ मिनिटं. चौकाचा कच्चा नकाशा काढा. खांब, बाक, पायऱ्या, सावली दाखवा. एकेक माणूस निवडायचा आणि तो आत शिरल्यापासून बाहेर पडेपर्यंत त्याची रेघ ओढायची. थांबला तिथे टिंब, वेग बदलला तिथे आडवी खूण. वीसेक रेघा झाल्या की दाटी कुठे होते ते दिसतं. व्हिडिओ नको, चेहरे तर नकोतच.

वळणं नीट बघा. माणूस वळताना आधी नजर आणि डोकं फिरतं, मग धड, पाऊल शेवटी. नर्तक सवयीने पावलापासून वळला तर गर्दीत लगेच उठून दिसतो. तुमचे बघे बहुधा इथूनच जमतात.

संथलय:
एका वेळी एकच गोष्ट बदला. माणसाची नेहमीची चाल सेकंदाला साधारण १.२ ते १.४ मीटर असते. ती पाचव्या हिश्शाने कमी केली तर मागचे लोक न थांबता बाजूने निघून जातात, आणि ते किती आधीपासून वळायला लागतात हे मोजता येतं. वेग निम्म्यावर आणलात की लोक तुमच्याकडेच बघतात, मोजमाप संपलं.

आठ जणांनी वेगवेगळ्या बाजूंनी, अर्ध्या मिनिटाच्या अंतराने आत यावं. कपडे रोजचे, एकसारखे रंग नकोत. एकमेकांकडे बघायचं नाही. दोन माणसं जरी बघत उभी राहिली तरी जवळच्या वाटेने बाहेर पडायचं आणि पाच मिनिटांनी परतायचं. स्टीव्ह पॅक्स्टन या अमेरिकी नृत्यरचनाकाराने १९६७ मध्ये फक्त चालणं, उभं राहणं आणि बसणं एवढ्यावर अख्खी रचना उभी केली होती. तुम्हालाही तेवढं पुरे आहे.

चौकट:
वरचं सगळं मान्य, पण उभं राहण्याची जागा जपून निवडा. समोरासमोरून गर्दी येते तेव्हा आपोआप रांगा पडतात. त्या रांगेत कोणी दहा सेकंद थांबलं तर मागचे अडकतात. जिना, दरवाजा, उतार आणि अंध व्यक्तींसाठीची उठावाची पट्टी पूर्ण मोकळी ठेवा.

माणसं एकमेकांपासून किती अंतर राखतात याचे मानववंशशास्त्रज्ञ एडवर्ड हॉलचे आकडे (४५ सेंमीच्या आत जिव्हाळ्याचं, १.२ मीटरपर्यंत वैयक्तिक) जसेच्या तसे घेऊ नका. ते अमेरिकी मध्यमवर्गीयांच्या निरीक्षणातून आले आहेत. तुमच्या चौकातलं अंतर तुम्हीच पावलांनी मोजा.

बाहेर पडल्यावर लगेच बोलायचं नाही. प्रत्येकाने आधी आपापलं टिपण लिहावं, नाहीतर पहिला बोलतो तेच सगळ्यांना आठवतं.

पदन्यास:
हे फार उपयोगी आहे, मनापासून आभार. कानात संगीत लावलं तर चालेल का?

संथलय:
नको. पाऊल तालावर पडायला लागतं, मग आजूबाजूच्यांची लय अंगात उतरत नाही. शिवाय मागून येणाऱ्याची चाहूलही लागत नाही.