‘सुतात आहे’ म्हणजे नक्की किती सरळ?

बेळगावात टिळकवाडीतल्या आमच्या गॅरेजात गेल्या महिन्यात एक जुनं टेबल सॉ (टेबलातून पातं वर आलेली विजेची करवत) आणून ठेवलंय. दहा इंची पातं, ओतीव लोखंडाचं टेबल, मोटर ठणठणीत. पण फळी उभी चिरायला घेतली की पात्याच्या मागच्या अंगाला ती फेन्सवर (फळी टेकवून सरकवायच्या पट्टीवर) दाबली जाते, कड काळी पडते, जळका वास सुटतो. गल्लीतल्या मेस्त्रींना बोलावलं. त्यांनी एक डोळा मिटून बघितलं, पट्टी लावली आणि म्हणाले, "सुतात हाय की ओ. सुताचा फरक न्हाई."

ते गेल्यावर मी टेबलाच्या डावीकडच्या खाचेपासून पात्यापर्यंतचं अंतर घेतलं. पुढं जितकं भरलं, त्यापेक्षा मागं 1 मिलिमीटर जास्त. म्हणजे पात्याची मागची बाजू उजवीकडं, फेन्सच्या अंगावर गेलेली. मग मेस्त्रींचं ‘सुतात’ म्हणजे नक्की काय? आणि या सगळ्या कामाला मराठीत म्हणायचं काय? एका मित्रासाठी टिपण लिहितोय. त्यात ‘संरेखन’ लिहिलं (रस्त्याच्या अलाइनमेंटला सरकारी कागदात म्हणतात ते), तर त्यानं विचारलं, "बायपासचं काम निघालंय काय?"

खानापूरहून: मेस्त्री चुकले नाहीत, तुम्ही त्यांचा शब्द अर्धाच ऐकलात. आमचं घर सुतारकीतलं. सूत म्हणजे आधी खरोखरीचा दोरा. कावेत भिजवायचा, ओंडक्यावर दोन टोकांना ताणून धरायचा, मधे उचलून सोडायचा. जी लाल रेघ उठते तिच्यावर करवत चालवायची. त्या रेघेवर असलेलं ते सुतात. ‘सुतार’ हा शब्दही ‘सूत्रधार’वरूनच आला. पण सूत हे मापही आहे, इंचाचा आठवा भाग, म्हणजे 3 मिलिमीटरपेक्षा किंचित जास्त. दाराच्या चौकटीला "सुताचा फरक नाही" म्हटलं तर ती शाबासकी. तुमच्या सॉमध्ये 1 मिलिमीटरचा फरक आहे, म्हणजे सुताचा तिसरा हिस्साही नाही. मेस्त्रींचं वाक्य शंभर टक्के खरं, आणि लाकूड तरी जळणारच.

उद्यमबागेतून: वरच्या प्रतिसादाला हात जोडून. आमच्याकडं लेथवर ‘सुतात’ कुणी म्हणत नाही, ‘ट्रू कर’ म्हणतात, आणि फरक डायल (बारीक फरक दाखवणारं काट्याचं मापक) लावूनच बघतात. तुमच्या सॉला मागं-पुढं मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपास फरक राहिला तरी चालतंय.

आधी प्लग काढा. मग पात्याच्या एकाच दाताला खडूनं खूण करा. तो दात पुढं आणून खाचेपासून माप घ्या, पातं हातानं फिरवून तोच दात मागं न्या, पुन्हा माप घ्या. पुढं एक दात आणि मागं दुसरा मोजलात, तर पात्यात जरा बाक असला तरी तो तुमच्या मापात शिरतो. फरक निघाला की टेबलाखालचे बोल्ट बघा. हलक्या मशीनला पात्याचा सांगाडा टेबलालाच टांगलेला असतो, तो सरकवायचा. पेटीसारख्या जड मशीनला टेबलच फिरवावं लागतं. एक बोल्ट जरा धरून ठेवा, बाकीचे सैल करा, लाकडी हातोडीनं हळू ठोका. आवळल्यावर परत मोजा, कारण आवळताना ते हमखास सरकतं. मी पहिल्यांदा ही मोजणी टाळली आणि अख्खा रविवार घालवला.

फेन्सला हात मागाहून लावा. खाच टेबलातच कोरलेली, ती हलत नाही. म्हणून आधी पातं खाचेला, मग फेन्स खाचेला. फेन्स मागच्या टोकाला पात्याकडं झुकलेली असली की फळी पात्यात अडकून अंगावर उसळते. तिथं शब्दाची चर्चा करायला वेळ मिळत नाही.

आता शब्दाचं. इंग्रजीत सगळ्याला एकच ‘अलाइनमेंट’. आपल्याकडं जसं हत्यार, तसा सरळपणा. उभं सरळ ते ओळंब्यात, आडवं सपाट ते पाणसळीत, काटकोनातलं ते गुण्यात, रेघेतलं ते सुतात. पातं टेबलाला 90 अंशात उभं आहे का, हे गुण्याचं काम. मागं-पुढं अंतर सारखं आहे का, हे सुताचं. टिपणात दोन्ही कामं वेगळी लिहा, एका शब्दात कोंबू नका.

चिकोडीहून: आमच्याकडचा बडिगी (कन्नडमध्ये सुतार) म्हणतो, "नेट्टग माडरी". नेट्टगे म्हणजे सरळही आणि व्यवस्थितही. आपलं ‘नीट’ तसंच आहे की. "नीट उभा रहा" आणि "नीट काम कर", दोन्हीला एकच शब्द. ‘नीट बसवा’ लिहिलं तर काय बिघडलं?

उद्यमबागेतून: बिघडतं. नीट म्हणजे किती, हे कोण सांगणार?

मूळ प्रश्नकर्ता: काल बसलो. तीन वेळा आवळून तीन वेळा सरकलं, चौथ्यांदा जमलं. फळी सरळ निघाली, कड पांढरी. मेस्त्रींना दाखवली तर म्हणाले, "मी म्हणलोच होतो." टिपणात असं लिहिलंय: ‘आधी पात्याचं खाचेशी सूत जुळवा. मग फेन्सचं. शेवटी पातं गुण्यात घ्या. फरक पट्टीनं नाही, डायलनं बघा.’ चालेल ना?

खानापूरहून: ‘खाचेच्या सुतात घ्या’ करा. पात्याचं खाचेशी सूत जुळवलंत तर पत्रिका छापायला टाकावी लागेल.