रिक्वेस्ट थेट फिल्टरला देऊ नका
शोधाच्या फॉर्ममधली भरलेली फील्डंच वापरून डेटाबेसमध्ये शोधायचं असेल, तर रिकाम्या किमती (व्हॅल्यू) गाळून रिक्वेस्टमधली, म्हणजे ब्राउझरकडून आलेली, डिक्शनरी जशीच्या तशी फिल्टरला द्यायची, असा उपाय सुचवला जातो. तो आटोपशीर दिसतो, पण जँगोत (पायथनच्या वेब फ्रेमवर्कमध्ये) तो धोक्याचा आहे. ओआरएम (कोडमधून डेटाबेसशी बोलणारा जँगोचा भाग) किमती पॅरामीटर म्हणून पाठवतं, त्यामुळे किमतींतून एसक्यूएल इंजेक्शनची, म्हणजे घातक क्वेरी घुसवली जाण्याची, भीती नाही, हे मान्य. पण इथे की (फील्डचं नाव) सुद्धा बाहेरून येतेय, आणि दोन अंडरस्कोर दिले की जँगो सरळ दुसऱ्या टेबलात शिरतं. लेखांच्या शोधात कुणी यूआरएलला 'ऑथर__पासवर्ड__स्टार्ट्सविथ' जोडलं, तर निकाल येतात की नाही एवढ्यावरून पासवर्डचा हॅश (साठवलेलं सांकेतिक रूप) एकेक अक्षर करत काढता येतो. म्हणून फॉर्म व्हॅलिडेट करून क्लीन्ड डेटाच (तपासून योग्य प्रकारात आणलेल्या किमतीच) घ्या आणि कुठलं फील्ड कुठल्या लुकअपला (शोधाच्या अटीला) जातं ते कोडमध्ये स्वतः लिहा. चार ओळी वाढल्या तर वाढू देत.

मात्र मग रिकामं गाळायला नुसतं 'इफ व्हॅल्यू' चालत नाही. क्लीन्ड डेटात ० हा खरा आकडा असतो आणि पायथनच्या लेखी तो फॉल्स. स्टॉकच्या स्क्रीनवर 'शिल्लक ०' शोधलं की अटच गळते आणि सगळा माल समोर येतो. आकड्याचं फील्ड रिकामं असेल तर नन (None) येतं, मजकुराचं असेल तर रिकामी स्ट्रिंग. तेवढ्या दोनच गोष्टी तपासा.