बार्शीचं संशोधन: चौथ्या गटातल्या बायकांचं काय?

बालाघाटी (धागाकर्ता)
गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा विषय निघाला की जगभरचे तज्ज्ञ उस्मानाबादचं (आताचं धाराशिव) नाव घेतात. बार्शीचं नर्गिस दत्त रुग्णालय, मुंबईचं टाटा मेमोरियल आणि फ्रान्समधल्या लियाँची आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी मिळून १९९९ मध्ये इथे काम सुरू केलं. पैसा गेट्स फाउंडेशनचा. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायकांचे चार गट पाडले. तीन गटांना एकदाच तपासणीला बोलावलं: एकाला एचपीव्ही (हा कर्करोग घडवणाऱ्या विषाणूची तपासणी), एकाला पॅप (गर्भाशयमुखाच्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली बघणं), एकाला ॲसिटिक ॲसिड (ते लावून नुसत्या डोळ्यांनी बघणं). चौथ्या गटातल्या ३१,४८८ जणींना ‘नेहमीची सेवा’, म्हणजे तपासणी नाहीच. २००९ चा निकाल: एचपीव्ही गटात ३४ मृत्यू, चौथ्यात ६४.

हा ६४ माझ्या घशाखाली उतरत नाही. पॅप तेव्हा काही नवी नव्हती. तरी एक गट कोरडा ठेवून मरणं मोजायची? पुण्यातल्या एखाद्या सोसायटीत हे चाललं असतं का?

आकडेमोड
साफ असहमत. पॅप गटाचा निकाल तुम्ही सोयीस्कर गाळलात. मृत्यूंमध्ये ठोस म्हणावी अशी घट ना पॅपने दाखवली, ना ॲसिडने. फरक पडला तो फक्त एचपीव्हीने. चौथा गट नसता तर हे कळलंच नसतं, आणि ‘पॅप करा’ म्हणत सरकारने कोट्यवधी ओतले असते. शिवाय त्या गावांतून कुणी काही काढून घेतलं नाही. तपासणी मुळात नव्हतीच.

बालाघाटी
पॅप तिथे चालली नाही, हे कळलं २००९ ला. परवानगी घेतली १९९९ ला. निकाल हातात घेऊन मागची नीतिमत्ता धुऊन काढता येत नाही. आणि ‘मुळात नव्हतीच’ हा युक्तिवाद मान्य केला, तर जिथे सरकार काही करत नाही तिथे जाऊन कुणीही काहीही मोजावं.

परंड्याची सून
दोघेही शहरातून बोलताय असं वाटतं. आमच्याकडे ‘अंगावरून जातंय’ हे बाई नवऱ्याला सोडा, नर्सबाईंनाही सांगत नाही. अशा ठिकाणी एएनएम (गावपातळीवरच्या परिचारिका) ताईंनी बायकांना टेबलावर झोपायला तयार केलं, याचं मोल कुणीच करत नाही. ॲसिड लावायचं, मिनिटभर थांबायचं, पांढरा डाग उमटतो का बघायचं. वाचायला सोपं आहे. करवून घेऊन दाखवा.

माझा राग संशोधनावर नाही, नंतरच्या वर्षांवर आहे. केंद्राची तपासणीची मार्गदर्शक तत्त्वं आली २०१६ मध्ये, तीही ॲसिडचीच. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात ३० ते ४९ वयाच्या बायकांपैकी कधीतरी ही तपासणी झालेल्या १.९ टक्के. संपूर्ण देशात!

आकडेमोड
ताई, १.९ बद्दल बोलायला तोंड नाही. पण ॲसिडची निवड अगदीच आंधळी नव्हती. मुंबईच्या वस्त्यांत टाटानेच दर दोन वर्षांनी ती तपासणी केली, तेव्हा मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. निकाल तिथल्या तिथे मिळतो, बाईला परत बोलवावं लागत नाही. एचपीव्हीचा नमुना प्रयोगशाळेत जाणार, मग निरोप, मग दुसरी फेरी. मजुरी बुडवून किती जणी येतील?

बालाघाटी
मुंबईच्या त्या अभ्यासातही एक गट बिनतपासणीचाच होता, आणि संमती नीट घेतली का यावरून अमेरिकेतून चौकशी झाली होती. तेही सांगा की.

परंड्याची सून
दुसऱ्या फेरीचं खरं आहे. पण २०२१ पासून जागतिक आरोग्य संघटनाच म्हणते की पहिली पसंती एचपीव्हीला द्या, आणि नमुना बाईने स्वतः घेतला तरी चालेल. मग आशाताईंच्या पिशवीत ते किट का नाही? किमतीचं कारण सांगणार असाल, तर बायकांच्या शेवटच्या टप्प्यातल्या किरणोपचाराचा आणि सोलापूर-मुंबई खेपांचा खर्चही त्याच हिशेबात धरा.