साध्या एलसीडी टीव्हीवर यूट्यूब कसं लावायचं?

विटेकर_पुण्यात:
गावी आईबाबांकडे ३२ इंची एलसीडी आहे, जुना पण पिक्चर एकदम क्लिअर, मागे एचडीएमआय आणि यूएसबी दोन्ही आहेत. बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, मोबाईलवर कीर्तन बघायला त्रास होतो. दुकानदार म्हणतो नवीन स्मार्ट टीव्हीच घ्या. फोन वायरने जोडता येईल का? नेट म्हणजे बाबांच्या मोबाईलचं, रोज दीड जीबी.

केबल_जोडणी:
नवीन टीव्ही अजिबात घेऊ नका. वायरचं म्हणाल तर टाईप-सी मधून चित्र बाहेर काढायची सोय बहुतेक स्वस्त फोनमध्ये नसतेच, वायर आणाल आणि स्क्रीन काळीच राहील. फायर स्टिकसारखी स्टिक घ्या, म्हणजे साध्या टीव्हीवर नेटवरून यूट्यूब वगैरे चालवणारी छोटी कांडी, एचडीएमआयमध्ये खोचायची, झालं. फक्त तिला पॉवर टीव्हीच्या यूएसबीतून देऊ नका हां, जुन्या टीव्हीचा यूएसबी पुरेसा करंट देत नाही, मग स्टिक मधेच बंद होऊन परत चालू होते आणि लोकांना वाटतं मालच खराब. सोबत आलेला अडॅप्टर भिंतीतल्या प्लगला लावा. आणि बिननावाचे स्वस्त अँड्रॉइड बॉक्स टाळा, त्यावर नेटफ्लिक्स वगैरे चाललं तरी बऱ्याचदा एचडी येत नाही कारण त्यांना सर्टिफिकेशनच नसतं.

सातारी:
स्टिकचं बरोबर आहे पण खरा प्रश्न डेटाचा आहे. ७२०पी ला (म्हणजे साध्या एचडी चित्राला) नेटचा वेग साधारण अडीच एमबीपीएस धरा, म्हणजे तासाला एक जीबीच्या वर जातो, दीड तासाचं कीर्तन पूर्ण व्हायच्या आधीच दिवसाचा डेटा खलास. यूट्यूबमध्ये चित्र ४८०पी, म्हणजे त्याहून कमी क्लिअर, करा, ३२ इंचीवर लांबून बघताना चालून जातं, कीर्तनात आवाज महत्त्वाचा. ऑटोप्ले आठवणीने बंद करा, आईबाबा झोपले की एकामागून एक व्हिडिओ चालूच राहतात. आणि हॉटस्पॉटवर राहू नका, बाबा फोन घेऊन रानात गेले की आईचा टीव्ही बंद. गावात फायबरचं (वायरने घरात येणारं) नेट आलं असेल तर तेच घ्या. राउटर टीव्हीच्या खोलीत बसवा, भिंती जाड असतील तर राउटरचा २.४ गिगाहर्ट्झ वाला वायफाय लावा, ५ वाला भिंतीपलीकडे लवकर मरतो.

विटेकर_पुण्यात:
फायबर आलंय, शेजारी घेतलंय. पण बाबांना रिमोटने एकेक अक्षर टाईप करणं जमणार नाही, त्याचं काय?

केबल_जोडणी:
तुम्हीच पुण्यातून लावून द्या की. टीव्हीवरच्या यूट्यूबच्या सेटिंगमध्ये 'टीव्ही कोडने जोडा' असं काहीतरी येतं, त्यात एक आकडा दिसतो. तो आकडा आईकडून फोनवर वाचून घ्या आणि तुमच्या मोबाईलच्या यूट्यूबमध्ये टाका, यासाठी एकाच वायफायवर असायची गरज नाही. बाबांनी फक्त टीव्हीवर यूट्यूब उघडायचं, कीर्तन तुम्ही पाठवायचं.