जुनी स्पोर्ट्स कार घेताना: कडक गाडी कोणती आणि थकलेली कोणती?

विषय: वापरलेल्या स्पोर्ट्स कारची परीक्षा – मार्गदर्शन हवे

मंडळातील सर्वांना सप्रेम नमस्कार,

गेली वीस वर्षे घरच्यांसाठी प्रशस्त, मऊ गाद्यांच्या गाड्या चालवून झाल्यावर आता दोन आसनांची, उघड्या टपाची एखादी वापरलेली स्पोर्ट्स कार घ्यावी, असे मनाने घेतले आहे. त्यासाठी दोन गाड्या पाहून आलो. एक तिसऱ्या पिढीची माझदा एमएक्स-५, म्हणजे मियाता, आणि दुसरी पहिल्या पिढीची पोर्शे बॉक्स्टर. कागदपत्रे, अपघातांचा इतिहास, सर्व्हिसच्या नोंदी यांची तपासणी मी करू शकतो, त्यामुळे त्याबद्दल विचारत नाही.

माझी अडचण वेगळी आहे. मियाता रस्त्यावरच्या लहानशा सांध्यावरूनही ठणकन आदळत होती. बॉक्स्टर त्या मानाने बरीच सुसह्य वाटली. मियाताचा विक्रेता म्हणाला, "स्पोर्ट्स कार अशीच असते." हे वाक्य खरे असू शकते, तसे ते सोयीचेही असू शकते. ज्याने आयुष्यात अशी गाडी वापरलेलीच नाही, त्याने जन्मजात कडकपणा आणि झिजेमुळे आलेला खडबडीतपणा यांतला फरक कसा ओळखावा? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

आपला,
प्रश्नकर्ता

---

उत्तर: वापरलेल्या स्पोर्ट्स कारची परीक्षा

स. न. वि. वि.

"स्पोर्ट्स कार अशीच असते" हे वाक्य मलाही एका विक्रेत्याने ऐकवले होते आणि मी त्यावर तब्बल चौदा महिने विश्वास ठेवला. खड्डा आला की माकडहाडापासून मानेपर्यंत कळ जायची आणि मी ती काहीशा अभिमानानेच सोसत होतो. पुढे टायर बदलताना गाडी लिफ्टवर चढली, तेव्हा कळले की आधीच्या मालकाने गाडी खाली बसलेली दिसावी म्हणून आखूड स्प्रिंगा घातल्या होत्या आणि शॉकॲब्झॉर्बर मात्र जुनेच ठेवले होते. सस्पेन्शनला वरखाली व्हायला जागाच उरली नव्हती. चाल संपल्यावर शेवटचा दणका झेलण्यासाठी जे रबरी ठोकळे असतात, त्या बंप स्टॉपवरच गाडी सदासर्वकाळ टेकलेली असे. तेव्हा गाडीखाली वाकून पाहण्याची पहिली गोष्ट हीच, की स्प्रिंगा मूळच्या आहेत की बदललेल्या. भडक रंगाच्या स्प्रिंगा किंवा चाकाच्या कमानीत बोटही न शिरण्याइतकी कमी जागा दिसली, तर विक्रेत्याला स्पष्ट विचारावे आणि मूळचे भाग जपून ठेवले आहेत का, तेही विचारावे.

आता मुख्य प्रश्नाकडे येतो. धक्का किती जोरात बसला यापेक्षा धक्क्यानंतर गाडी काय करते, याकडे लक्ष द्यावे. सुस्थितीतल्या कडक गाडीत उंचवटा स्वच्छ जाणवतो, एकदाच जाणवतो आणि तिथेच संपतो. थकलेल्या गाडीत त्याच्या पाठोपाठ आणखी काहीतरी येते: एखादा जास्तीचा हेलकावा, डॅशबोर्डात रेंगाळणारी थरथर, आसनाखालून आलेले "टक्", नाहीतर स्टिअरिंगला बाजूला बसलेली हलकीशी ओढ. स्प्रिंग धक्का साठवते आणि शॉकॲब्झॉर्बर तो विझवतो. शॉकॲब्झॉर्बरमधले तेल झिरपले किंवा आतल्या झडपा झिजल्या की साठवलेला धक्का विझत नाही, तो परत येतो. हे इतके सावकाश घडते की रोज चालवणाऱ्या मालकाला खरोखरच पत्ता लागत नाही. म्हणून प्रत्येक विक्रेता लबाडच असतो, असेही समजू नये.

बोनेट दाबून सोडायचे आणि गाडी किती वेळा डुलते ते मोजायचे, ही जुनी युक्ती मऊ गाड्यांसाठी ठीक होती. स्पोर्ट्स कारच्या स्प्रिंगा इतक्या ताठ असतात की हाताच्या दाबाने त्या जेमतेम हलतात, आणि निकामी शॉकॲब्झॉर्बरसुद्धा त्या परीक्षेत उत्तीर्ण होतो.

त्याऐवजी रस्ता नीट निवडावा. विक्रेता बहुधा आपल्याला गुळगुळीत, सरळ रस्त्यावर नेतो, कारण तिथे इंजिनाचा आवाज छान ऐकू येतो. आपण आधी एखादा लांब लाटांचा रस्ता शोधून ठेवावा. त्यावरून मध्यम वेगाने जाताना गाडी प्रत्येक लाटेनंतर सपाट होते की होडीसारखी तरंगत राहते, ते पाहावे. त्यानंतर ज्या वळणावर डांबराला बारीक सुरकुत्या पडल्या आहेत, असे एखादे वळण घ्यावे. शॉकॲब्झॉर्बर गेलेले असतील तर गाडीचा मागचा भाग बाहेरच्या बाजूला लहान लहान उड्या मारत सरकतो, आणि ही जाणीव एकदा झाली की विसरता येत नाही. शेवटी अगदी हळू वेगात, काचा खाली करून, गतिरोधकावर आधी एकाच बाजूचे चाक चढवावे आणि मग दोन्ही चाके एकदम चढवावीत. एकाच बाजूला चढताना खडखड होते आणि दोन्ही चाके बरोबर चढली की गप्प होते, असे घडल्यास पहिला संशय अँटिरोल बारच्या, म्हणजे वळणावर गाडी कलू नये म्हणून डाव्या-उजव्या चाकांना जोडणाऱ्या दांड्याच्या, लिंकवर (जोडकाडीवर) घ्यावा, कारण दोन्ही चाके एकत्र उचलली की त्या दांड्याला पीळ बसतच नाही. ही दुरुस्ती किरकोळ असते. दोन्ही वेळा जड "धप्प" ऐकू आले, तर मात्र बुश (सांध्यांतली रबरी अस्तरे), बॉल जॉइंट (गोलाकार सांधे) किंवा शॉकॲब्झॉर्बरचा वरचा माउंट तपासावा लागेल.

कंपनाचेही असेच आहे. ठरावीक वेगाला स्टिअरिंग थरथरले तर पुढच्या चाकांचे बॅलन्सिंग पाहावे आणि आसन थरथरले तर मागच्या. फक्त ब्रेक दाबल्यावर थरथरले तर ब्रेकच्या डिस्क पाहाव्यात. घरघर वेगाबरोबर वाढत असेल आणि एका बाजूला वळताना तिचा सूर बदलत असेल, तर चाकाचे बेअरिंग गेलेले असण्याची शक्यता मोठी आहे.

जमल्यास अर्धा वेळ शेजारच्या आसनावर बसावे. हातात स्टिअरिंग आले की उत्साहाच्या भरात निम्म्या तक्रारी ऐकूच येत नाहीत, हा माझा स्वतःचा अनुभव आहे. सर्वांत उपयोगाचे म्हणजे, त्याच मॉडेलची निगुतीने सांभाळलेली दुसरी एखादी गाडी, ती विकाऊ नसली तरी, आधी दहा मिनिटे अनुभवावी. आपण अशी गाडी कधी वापरलेली नाही, त्यामुळे तुलनेला काही नाही. ती उणीव भरून काढण्याचा याहून सोपा मार्ग मला माहीत नाही.

कळावे,
एक जुना सदस्य

---

उत्तर: वापरलेल्या स्पोर्ट्स कारची परीक्षा

नमस्कार,

दादांच्या पत्रातला बराचसा भाग मला पटला, पण एका मुद्द्यावर मतभेद नोंदवते. डॅशबोर्डातली थरथर त्यांनी सरसकट झिजेच्या खात्यात टाकली आहे. उघड्या टपाच्या गाडीला वरचा आधार नसल्यामुळे तिचा सांगाडा थोडा पिळवटतो आणि खराब रस्त्यावर आरसा व पुढची काच किंचित थरथरणे हे अशा बऱ्याच गाड्यांत नव्या असतानाही होते. त्यामुळे तोच रस्ता एकदा टप उघडून आणि एकदा बंद करून चालवावा. टप बंद केल्यावर थरथर बरीच कमी झाली, तर तो रचनेचा भाग समजावा आणि पुढे जावे.

दुसरे म्हणजे, सस्पेन्शनला दोष देण्याआधी टायरमधली हवा मोजावी. या एका गोष्टीकडे जाणती माणसेही दुर्लक्ष करतात. मियाता वजनाने हलकी आहे आणि तिसऱ्या पिढीसाठी कंपनीने सांगितलेला दाब अवघा २९ पीएसआय आहे. दाराच्या चौकटीवरच्या पट्टीवर तो छापलेला असतो. विक्रीसाठी उभ्या केलेल्या गाड्यांत सवयीने ३५ किंवा त्याहून जास्त हवा भरलेली असते. टायर हीसुद्धा एक स्प्रिंगच आहे, आणि अशी हलकी गाडी इतक्या फुगवलेल्या टायरांवर आदळणारच. दाब टायर गार असताना मोजावा, कारण गाडी धावल्यावर तो सहज तीन-चार पीएसआयने वाढतो.

चाकांचा आकारही पाहावा. या गाडीला मूळचे २०५/५० आर १६ किंवा २०५/४५ आर १७ असे टायर येत; यातला पहिला आकडा टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये, दुसरा त्या रुंदीच्या टक्क्यांत बाजूची उंची आणि शेवटचा चाकाचा इंची व्यास. पहिल्याच्या बाजूची उंची सुमारे १०२ मिलिमीटर भरते आणि दुसऱ्याची ९२. कोणी हौसेने १८ इंची चाके आणि २१५/४० टायर घातले असतील तर ती ८६ वर येते, शिवाय मोठे चाक बहुधा जडही असते. धक्का सर्वांत आधी झेलणारे रबर असे मिलिमीटरांनी कमी होत जाते आणि दोष मात्र गाडीला दिला जातो. माझ्या आधीच्या दोन-आसनी गाडीला रन-फ्लॅट टायर होते. पंक्चर झाल्यावरही वजन पेलता यावे म्हणून त्यांच्या बाजू जाड आणि ताठ केलेल्या असतात. ते काढून साधे टायर घातल्यावर शेजारी बसणाऱ्यांच्या तक्रारी बंद झाल्या.

टायरचे वयही वाचता येते. बाजूवरच्या संकेताचे शेवटचे चार अंक २३१९ असतील, तर तो टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झाला आहे. कमी धावलेल्या गाडीत नक्षी खोल आणि रबर मात्र दगडासारखे झालेले, असे हमखास आढळते. शेवटी तळवा टायरच्या आतल्या कडेवरूनही फिरवावा. तिथे खळगे-खळगे लागले, तर शॉकॲब्झॉर्बर थकल्याची ती खूण आहे. आतली कडच साफ झिजलेली असेल, तर चाकांचे अलाइनमेंट चुकलेले आहे आणि ते का चुकले, हा पुढचा प्रश्न विचारावा लागेल. एकाच ॲक्सलवर दोन निरनिराळ्या कंपन्यांचे टायर दिसले, तर मालकाने आणखी कुठे कुठे काटकसर केली असेल, याचा अंदाज येतो.

आपली,
एक सदस्या

---

उत्तर: वापरलेल्या स्पोर्ट्स कारची परीक्षा

सप्रेम नमस्कार,

दादा आणि ताई, दोघांचेही मनापासून आभार. शनिवारी दोन्ही गाड्या पुन्हा पाहिल्या.

मियाताच्या चारही टायरांत गार असताना ३८ पीएसआय हवा निघाली. विक्रेत्याच्या परवानगीने ती २९ वर आणली आणि त्याच रस्त्यावरून पुन्हा फेरी मारली. गाडी कडकच आहे, पण आधीचे ठणकन आदळणे राहिले नाही; उंचवटा जाणवतो आणि मागे काही उरत नाही. गतिरोधकावर डावे चाक चढवताना खडखड ऐकू आली, दोन्ही चाके चढवल्यावर ती आली नाही. लिफ्टवर पाहिले तेव्हा डाव्या लिंकचे रबरी टोपण फाटलेले होते. स्प्रिंगा मूळच्याच आहेत. उजव्या मागच्या शॉकॲब्झॉर्बरवर तेलाचा ओला ओघळ दिसला. मेकॅनिकचे म्हणणे असे, की नुसता धुळीचा दमट थर असता तर चालले असते, ओघळ म्हणजे बदलणे आले, आणि बदलायचे तर मागचे दोन्ही एकदम. चारही चाकांच्या अलाइनमेंटचा छापील कागद घेतला. मागच्या दोन्ही चाकांचे कोन एकमेकांशी जुळतात, त्यामुळे सांगाडा वाकलेला नसावा, असे वाटते.

खरा गोंधळ बॉक्स्टरने घातला आहे. ती अजूनही दोघींत अधिक आरामदायी वाटते. लाटांच्या रस्त्यावर तर तिने मियाताला मागे टाकले. मात्र आसनामागचा गालिचा हाताला ओलसर लागला, आणि मी पोहोचण्यापूर्वीच मालकाने इंजिन तापवून ठेवले होते. चाल इतकी चांगली असताना या गोष्टींना किती महत्त्व द्यावे?

आपला,
प्रश्नकर्ता

---

उत्तर: वापरलेल्या स्पोर्ट्स कारची परीक्षा

स. न. वि. वि.

पुष्कळ महत्त्व द्यावे. सस्पेन्शन सुदृढ आहे, यावरून फक्त सस्पेन्शनबद्दलच निष्कर्ष निघतो.

बॉक्स्टरच्या टपाचे पाणी वाहून नेणाऱ्या नळ्या पाने आणि मातीने तुंबतात आणि मग पाणी आत उतरते. आसनाखाली इमोबिलायझर (योग्य चावीशिवाय इंजिन सुरू होऊ न देणारी यंत्रणा) आणि अलार्म यांचे नियंत्रण करणारा इलेक्ट्रॉनिक डबा असतो. तो भिजला, की गाडी एखाद्या सकाळी सुरूच होत नाही. नळ्या साफ करणे सोपे आहे, भिजलेला डबा बदलणे खर्चिक आहे. म्हणून गालिचा उचलून खाली पाणी किंवा गंज दिसतो का, ते पाहिल्याशिवाय किमतीचे बोलू नये.

इंजिनाबाबत म्हणाल, तर १९९६ ते २००४ या पिढीच्या इंजिनातले इंटरमीजिएट शाफ्टचे, म्हणजे क्रँकशाफ्टची गती झडपा चालवणाऱ्या कॅमशाफ्टकडे नेणाऱ्या मधल्या दांड्याचे, बेअरिंग बदनाम आहे. प्रत्येक गाडीत ते निकामी होते असे नाही, पण झाले तर बहुधा संपूर्ण इंजिन घेऊन जाते. क्लच बदलताना त्या बेअरिंगपर्यंत हात पोहोचतो, त्यामुळे क्लच कधी बदलला आणि त्या वेळी बेअरिंगचे काय केले, याची पावती मागावी. तेलाच्या फिल्टरची घडी उलगडून त्यात धातूचे कण चमकतात का, हेही जाणत्या मेकॅनिककडून पाहून घ्यावे.

आणि तिसऱ्यांदा जाल तेव्हा आदल्या दिवशीच कळवावे, की इंजिन रात्रभर बंद हवे. पोहोचल्यावर आधी इंजिन गार आहे ना, याची खात्री करावी. गरम लागले तर त्या दिवशी गाडी न तपासता परत यावे. गार असेल तर सुरू होतानाचा पहिला आवाज मागे उभे राहून ऐकावा आणि धुराचा रंग पाहावा. सिलिंडर आडवे असलेल्या या इंजिनात रात्रभर उभ्या राहिल्यानंतर निळसर धुराचा एखादा लोट निघणे क्षम्य आहे, मात्र तो लोट विरला पाहिजे.

मियाताचे म्हणाल, तर लिंक आणि मागचे दोन्ही शॉकॲब्झॉर्बर यांचा खर्च किमतीतून वजा करून मागावा. विक्रेता तयार झाला, तर मी ती घेतली असती.

कळावे,
एक जुना सदस्य