माईंना तुम्ही कुठे ऐकलंत, कुठे पाहिलंत? आठवणी लिहा

मंगळवारी, ४ जानेवारी २०२२ च्या रात्री बातमी आली की अनाथांच्या माई सिंधुताई सपकाळ गेल्या. पुण्यात, रुग्णालयात, हृदयविकाराच्या झटक्यानं. हर्नियाची शस्त्रक्रिया झाली होती, उपचार चालू होते, हे अनेकांना माहीत होतं. पण राष्ट्रपती भवनात पद्मश्री घेतानाचा त्यांचा फोटो नोव्हेंबरातच तर सगळ्यांच्या फोनवर फिरला होता! त्यामुळे असं काही होईल हे कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं.

पिंपरी मेघे हे गाव, 'चिंधी' हे नाव, चौथीपर्यंतची शाळा, गरोदरपणी घरातून हाकललं जाणं, हे सगळं वर्तमानपत्रांत येऊन गेलंय. ते इथे पुन्हा नको, तुमचं स्वतःचं लिहा. त्यांचं काही पटलं नसेल तर तेही लिहा. फॉरवर्ड चिकटवू नका. नाव द्यायची गरज नाही, गाव आणि काम पुरे.

अमरावती, निवृत्त शिक्षिका

आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनाला त्या प्रमुख पाहुण्या होत्या. नऊवारी, ठसठशीत कुंकू, डोक्यावरून पदर. समोर आठवी-नववीची पोरं, म्हणजे वक्त्याची परीक्षाच. पहिली दहा मिनिटं त्यांनी पोरांना नुसतं हसवलं. रेल्वेच्या फलाटावर अभंग म्हणून कसं पोट भरायचं, रात्र काढायला स्मशान का बरं असतं (माणसाची भीती नाही), चितेच्या निखाऱ्यांवर भाकरी कशी भाजली, हे त्या अशा काही सांगत होत्या की पोरं आधी हसली आणि मग एकेक करत गप्प झाली. मधेच बहिणाबाईंची ओवी यायची, मग शेर, मग पुन्हा एखादा चिमटा. चौथी शिकलेल्या बाईंचं पाठांतर बघून आमचे मराठीचे सर वहीत टिपून घेत होते.

शेवटी त्यांनी पदर पसरला. व्यासपीठावरची मंडळी अवघडली, पाहुण्यानं असं मागायचं म्हणजे काय! पण 'भाषण नाही तर राशन नाही' हे त्या उघडच सांगत. अनुदानाची वाट बघत बसल्या असत्या तर चुली पेटल्या नसत्या. गिरणी कामगाराची पाळी असते तशी ही त्यांची पाळी होती, बोलायची. गावोगाव, वर्षानुवर्षं, तीच दुखरी गोष्ट रोज नव्यानं सांगायची. स्वतःच्या आयुष्यातली सगळ्यात वाईट रात्र परक्यांसमोर किती वेळा सांगता येईल, हा विचार मी त्यांच्यामुळे केला.

आम्ही मागच्या बाकावरचा म्हणून सोडून दिलेला एक मुलगा उठला आणि त्यानं सहलीचे पैसे पदरात टाकले. घरी काय सांगणार विचारलं तर म्हणाला, "हरवले म्हणून सांगतो." त्याच्या सहलीचे पैसे मग आम्ही स्टाफरूममध्ये वर्गणी काढून भरले.

हडपसर, पुणे, रिक्षाचालक

५ तारखेला मांजरी गावात, माईंच्या संस्थेत, अंत्यदर्शनाला गेलो होतो. कोरोनाच्या तिसऱ्या लाटेमुळं सगळ्यांना मास्क, पोलीस अंतर ठेवायला सांगत होते, पण रडणाऱ्या बायांना कोण अंतर ठेवायला लावणार. तिथून ठोसर पागेच्या दफनभूमीत नेलं. शासकीय इतमाम होता. पुरलं कसं, अग्नी का नाही, असं माझ्या शेजारचे दोघं कुजबुजत होते. माई महानुभाव पंथाच्या, त्यांच्यात दफन करतात. एवढंच सांगायचं होतं, कारण व्हॉट्सॲपवर त्यावरून काहीही चाललंय.

नाशिक, दोन मुलींची आई

मी त्यांना प्रत्यक्ष कधी भेटले नाही. तरी लिहिते, कारण त्यांच्या एका निर्णयाशी मी सहा-सात वर्षं मनातल्या मनात भांडतेय.

माझी थोरली पोटची, धाकटी दत्तक. माईंनी स्वतःची लेक, ममता, पुण्यात दगडूशेठ हलवाई गणपती ट्रस्टकडे सांभाळायला दिली. का, तर ती जवळ असली तर इतरांना नुसतं पाणी पाजून निजवेन आणि हिला गुपचूप जेवू घालेन. हे त्यांनी स्वतः सांगितलंय. लोक टाळ्या वाजवतात. मला पहिल्यांदा ऐकलं तेव्हा राग आला होता. त्या पोरीला कुणी विचारलं का? रस्त्यावरच्या मुलांना आई मिळावी म्हणून एका मुलीची आई काढून घ्यायची, हा कुठला हिशेब?

मग धाकटी घरी आली. पहिल्या होळीला सासूबाई पुरणपोळीवर तूप वाढत होत्या, आणि थोरलीच्या पोळीवर धार जरा जास्त रेंगाळली. त्यांच्या मनात काही नव्हतं, त्यांना कळलंही नाही. तेव्हापासून मी माझ्याच हाताकडे बघायला लागले. कुणाला आधी हाक मारते, आजारपणात कुणाजवळ जास्त बसते, फोटोत कुणाला पुढे उभी करते. माईंनी स्वतःच्या हाताबद्दल जे ओळखलं होतं, ते खरं होतं. त्यावर त्यांनी जो उपाय केला तो मला आजही मान्य नाही. मी तसं कधीच करणार नाही.

पण भरल्या घरात बसून मला हे बोलता येतं, तेही खरंय. आणि तीच लेक पुढे मोठी होऊन आईच्याच कामात उतरली, त्यामुळे त्या दोघींमधलं त्या दोघींनाच ठाऊक.

दुबई, गोदाम पर्यवेक्षक

रात्रपाळीला यूट्यूबवर त्यांची भाषणं लावायचो. आमच्यात एक केरळचा, एक बिहारचा. भाषा कळत नाही तरी म्हणायचे, त्या अम्माला लाव. परवा मी काही बोलायच्या आत त्या दोघांनीच मला बातमी दाखवली.

परतवाडा, शेतकरी

तुमी सारे अनाथाईचं लिहून राह्यले, ते बरोबर हाये. पन आमच्या मेळघाटात माईचं नाव त्याच्या आधीपासून हाये. व्याघ्र प्रकल्पापायी ८४ गावांवर उठायची पाळी आली, तवा आदिवासीच्या बाजूनं ह्या बाईनं मंत्र्यासमोर उभं राहून भांडन केलं, असं माहा बाप सांगे. पोरीइचं वसतिगृहही चिखलदऱ्यातच काढलं, सावित्रीबाईच्या नावानं. पुन्यावाल्याईले माई पुन्याची वाटते. वाटू द्या.

बीड, बालहक्क कार्यकर्ती

मला भाषणांबद्दल नाही, अठराव्या वाढदिवसाबद्दल लिहायचंय.

आमच्या कामात हा दिवस कुणालाच नको असतो. बाल न्याय कायदा अठरा वर्षांपर्यंतच्या मुलाला 'बालक' मानतो. अठरा पूर्ण झाली की बालगृह सोडायचं. पुढे एकविसाव्या वर्षापर्यंत अनुरक्षण गृहाची, म्हणजे बालगृहातून बाहेर पडलेल्यांना राहायच्या जागेची, तरतूद आहे, पण त्या जागा मोजक्या. मी एका संस्थेच्या दारात निकालाच्या आधीच बॅग भरून उभी असलेली मुलगी पाहिलीय. कागदोपत्री ती सज्ञान होती. शिजवायला येत नव्हतं, बँकेत एकटी कधी गेली नव्हती, आणि बसमध्ये बसून जायचं कुठे हे तिला मीच विचारत होते.

माईंनी ही रेघ मानली नाही. शिक्षण, नोकरी, लग्न होईपर्यंत मूल त्यांचंच. २०७ जावई आणि ३६ सुना, हा आकडा त्या सांगायच्या तेव्हा लोक हसायचे. मला त्यात सोडून न दिलेली मुलं दिसायची. लग्न झालेल्या मुलीला पहिल्या दिवाळीला जायला घर लागतं, बाळंतपणाला माहेर लागतं. ही तरतूद कोणत्या कलमात आहे?

सरकार हळूहळू हललंय, तेही नोंदवते. २०१८ मध्ये महाराष्ट्रात अनाथांसाठी शिक्षणात आणि नोकरीत एक टक्का समांतर आरक्षण आलं. बालसंगोपन योजनेत महिन्याला ४२५ रुपये मिळायचे, ते २०२१ मध्ये ११०० झाले. कोविडमध्ये दोन्ही पालक गेलेल्यांसाठी २०२१ मध्ये पाच लाखांची मुदतठेव आली. माई गेल्या तेव्हा आमच्याकडे त्याच मुलांचे अर्ज चालू होते. तुमच्या गल्लीत असं मूल काका-मामाकडे राहत असेल तर जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात जा, किंवा १०९८ ला फोन लावा. बालसंगोपन योजना एक पालक गेलेल्यांनाही आहे, हे फार थोड्यांना माहीत असतं.

मुंबई, समाजकार्याचा विद्यार्थी

पटलं नाही तेही लिहा म्हणालात, म्हणून. एक तर, ज्या नवऱ्यानं गरोदरपणी हाकललं त्याला म्हातारपणी मूल म्हणून पोटाशी धरलं, याचं इतकं कौतुक झालं की ऐकणाऱ्या बायकांनी त्यातून 'सहन करा' एवढंच घेतलं असेल. साडी-कुंकवाबद्दल त्या मुलींना जे सांगायच्या तेही मला रुचायचं नाही. दुसरं, आज बालसंरक्षणाचा सगळा विचार संस्थेकडून कुटुंबाकडे चाललाय. मूल नातेवाइकांकडे, संगोपनकर्त्या कुटुंबात, दत्तक, आणि काहीच जमलं नाही तर शेवटी संस्था. शेकडो मुलांची एक आई ही कल्पना भावनेला भिडते, पण ते धोरण होऊ शकत नाही. व्यक्ती गेली की काय? तो प्रश्न आता समोर आहेच.

अमरावती, निवृत्त शिक्षिका (मुंबईच्या विद्यार्थ्याला)

बाळा, नवऱ्याबद्दलचं तुझं म्हणणं मला पटतं. आमच्या शाळेतल्या भाषणानंतर एक पालक बाई अगदी तेच म्हणाल्या होत्या, "एवढ्या मोठ्या बाईनं माफ केलं, आपली काय कथा." मला ते ऐकून बरं वाटलं नव्हतं. पण त्याला पोटाशी धरलं ते नवरा म्हणून नव्हे. मूल म्हणून राहायचं असेल तर राहा, असं होतं ते. त्यात कोण कुणाच्या दारात आलं होतं, तेवढं बघ.

सोलापूर, वायरमन

मी माईंकडचा नाही. दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका बालगृहात वाढलो, नाव सांगत नाही. मुंबईचे दादा बरोबर बोलतायत, कुटुंब मिळालं असतं तर बरंच झालं असतं. नाही मिळालं. आमच्यातल्या कुणालाच नाही मिळालं.

बीडच्या ताईंनी लिहिलेली बॅग माझ्याकडंबी होती. बारावीचा शेवटचा पेपर झाला आन् चार दिवसांत बाहेर. दोन महिने बांधकामावर झोपलो, मग एका वायरिंगवाल्यानं हाताखाली घेतलं. त्याच्या आईनं जेवायला वाढलं म्हणून टिकलो. इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा तेव्हाच करायचा होता, कुणी वर्षभर राहा म्हटलं असतं तर झाला असता. आता एकतिसाव्या वर्षी नाव घातलंय. अनाथ प्रमाणपत्राचा कागद अजून हातात नाही आणि फीची शेवटची तारीख २० आहे. बीडच्या ताई, सोलापुरात ते कुणाकडं लवकर होतं माहीत असेल तर सांगा.